आपल्या टेकाडावरची वीज

याराबील गावात ग्लेनिस पार्स्लोच्या अंगणात दोरीवर चादरी दिसल्या की समजायचं, टेकाडावर वारा सुटलाय. वारा असला की लोक कपडे वाळत घालतातच, त्यात काय विशेष, असं कुणी म्हणेल. पण ग्लेनिसचं धुणंच मुळी वाऱ्यावर चालायचं. टेकाडावरच्या पवनचक्कीची पाती फिरू लागली की ती वॉशिंग मशीनचं बटण दाबायची, ओव्हन तापवायची, हीटर लावायची. पाती थांबली की मशीन अर्ध्यात बंद, आणि साबणाच्या पाण्यातल्या चादरी वाऱ्याची वाट बघत पडून. फ्रिज तेवढा तिच्या शिस्तीत बसत नसे. "तो मेला कुणाचंच ऐकत नाही," असं म्हणून तिने त्याला सोडून दिलं होतं.

ती पवनचक्की तिच्या धाकट्या भावाची, नेव्हिलची. एकुलता एक भाऊ. आणि त्याच्याशी ती गेली दहा-अकरा वर्षं एक शब्द बोलली नव्हती.

भांडण झालं तेही त्या पवनचक्कीवरूनच. वडिलांच्या शेतामागच्या टेकाडावर चक्की उभी करायची असं नेव्हिलने ठरवलं आणि गावाच्या हॉलमध्ये सभा बोलावली. टेकाडाच्या पायथ्याशी ग्लेनिसचं घर. ती ठेवणीतला कोट घालून आली आणि उभी राहून म्हणाली, "हिवाळ्यात सूर्य त्या टेकाडामागून वर येतो. पात्यांची सावली थेट माझ्या स्वयंपाकघरात नाचणार. आईच्या टेबलाशी बसून मला सकाळचा एक कप चहासुद्धा सुखाने पिता येणार नाही." इथवर ठीक होतं. पण ग्लेनिसला कुठे थांबायचं ते कधीच कळलं नाही. ती पुढे म्हणाली, "आज बाबा असते ना, तर त्यांना तुझी लाज वाटली असती." नेव्हिलने टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि तो निघून गेला. चक्की उभी राहिली, आणि दोघांमधला अबोलाही.

वाईट याचं की सावली काही आलीच नाही. हिवाळ्यामागून हिवाळे गेले, आईच्या टेबलावर पात्याची सावली एकदाही पडली नाही. आपण उगाचच तोंड सोडलं, हे ग्लेनिसला केव्हाच उमगलं होतं. पण उमगणं वेगळं आणि टेकाड चढून जाऊन तसं सांगणं वेगळं. दुकानात नेव्हिल ब्रेड घेताना दिसला की ती खताच्या पोत्यांकडे वळायची. खताचं तिला काय काम? घरात दोन कुंड्या.

नेव्हिलची बायको बेव्ह गेली तेव्हा ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि अंत्यविधीनंतर हॉलमध्ये असलेल्या चहाला न थांबता घरी गेली. पण हॉलमधल्या टेबलावर तिचा पॅशनफ्रूटचं आयसिंग केलेला स्पंज केक आधीच येऊन बसला होता. अशा वेळी प्रत्येक बाई बशीच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावते, म्हणजे बशी धुऊन घरी परत येते. ग्लेनिसची निळ्या काठाची बशी काही परत आली नाही. "बशीसुद्धा ठेवून घेतली मेल्याने," असं ती शेजारच्या टेगनला म्हणाली. पण त्यात राग आहे असं टेगनला वाटलं नाही.

ही टेगन दूध कारखान्यात पाळीवर जायची. तिशीतली, केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे, आणि बोलायला फटकळ. ग्लेनिसला तिने दत्तकच घेतलं होतं म्हणा ना. तिथे वीज विकणाऱ्या कंपन्या पुष्कळ; कुणाकडून घ्यायची हे ज्याचं त्याने ठरवायचं असल्यामुळे संध्याकाळी लोक जेवायला बसले की फोन खणखणायचे: तुमची कंपनी कोणती, आमच्याकडे या. ग्लेनिस त्या मुलांच्या आईची विचारपूस करत बसायची, आणि शेवटी ती मुलंच कंटाळून फोन ठेवायची. तीन हिवाळ्यांपूर्वी टेगन तिचा लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "या फोनवाल्यांचा नाद सोडा. ही छोटी कंपनी बघा. हिच्याकडे वीज कुठली हवी तेही आपणच सांगायचं. कुणाच्या शेतातले सोलर, कुणाची पवनचक्की. आपले पैसे त्याच्याच पदरात पडतात."

ग्लेनिस चष्मा लावून फोटो बघू लागली. शेतं, मेंढ्या, सोलरच्या रांगा. आणि मग नेव्हिल. चक्कीखाली उभा, टोपी कपाळावर, डोळ्यांत ऊन गेल्यासारखं तोंड केलेलं. लहानपणी फोटो काढतानाही तो असंच तोंड करायचा.

"कॉलर बघ त्याची, अर्धी आत," ती म्हणाली. "बेव्ह गेल्यापासून बघणारं कुणी नाही." आणि थोड्या वेळाने, "हीच."

"हीच काय?"

"हीच वीज. हीच हवी मला."

"अहो, हिच्याविरुद्ध तुम्ही गावभर सह्या गोळा केल्या होत्यात!"

"उभी करू नका म्हणत होते. आता उभी राहिलीच आहे तर काय, नुसतीच हवा खात बसू दे?" मग जरा हळू आवाजात तिने विचारलं, "कुणी घेतली ते त्याला कळतं का गं?"

"कुठल्या गावात किती घरं, एवढंच. नावं नाही कळत."

"मग लाव. आणि कुणाकडे बोललीस तर गाठ माझ्याशी आहे."

पुढे कंपनीच्या मुलीने फोनवर तिला नीट समजावलं की वीज सगळी एकाच तारेत मिसळते, चक्की थांबली तरी घरातला दिवा जात नाही. गावोगावचं दूध एकाच टँकरमध्ये जातं ना, तसंच हे.

"पोरी, मी गोठ्यात वाढलेय," ग्लेनिस म्हणाली. "टँकर मला नको शिकवूस. पण घरची गाय वेगळी."

घरची गाय म्हणजे काय, हे त्या शहरातल्या मुलीला कुठून कळावं? त्यांच्या गोठ्यात गाई पुष्कळ होत्या, पण ते दूध कारखान्याचं. घरात यायचं ते एकाच गाईचं. आणि घरची गाय आटली की घरात कोरा चहा, हा वडिलांचा दंडक. शेजारी टाकी तुडुंब भरलेली असली तरी तिला हात लावायचा नाही. आपली देईल ते घ्यायचं, देत नसेल तेव्हा वाट बघायची. ते कडू पाणी पिताना ग्लेनिस आणि नेव्ह समोरासमोर बसून अशी काही वेडीवाकडी तोंडं करायचे की आई दोघांनाही उठवून बाहेर घालवायची.

म्हणून हा सगळा वाऱ्याचा नेम. पण खरं सांगायचं तर गाय काय नि वीज काय, ते निमित्त. पाती फिरताना दिसली की ग्लेनिसला वाटायचं, नेव्ह उठलाय, गमबूट चढवलेत, कुत्रीवर ओरडतोय. किटलीतलं पाणी उकळू लागलं की तिला वाटायचं, हे त्याने धाडलंय. त्याला पत्ता नव्हता, पण धाडलं तर होतंच. तिचं भावावर जिवापाड प्रेम होतं आणि ते सांगायला तिला दुसरी जागा उरली नव्हती.

चक्कीवर तिचा राग एकाच गोष्टीचा. हिवाळ्यात ती सकाळी चालायचीच नाही. वारा झाडं पिळून काढत असला तरी उन्हं चांगली वर येईपर्यंत पाती गप्प. "लोळतेय अजून आळशी," असं म्हणत ग्लेनिस शाल गुंडाळून रिकाम्या कपापुढे बसून राहायची. सकाळच्या पहिल्या चहाची तल्लफ काय असते ते चहाबाजांना वेगळं सांगायला नको. पण नेम म्हणजे नेम.

यंदा जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, मात्र चक्की थांबली ती सुरूच होईना. समुद्राकडून बोचरा वारा येत होता, सायप्रसची झाडं वाकत होती, आणि वर पाती एखाद्या मोडक्या छत्रीसारखी स्तब्ध. पहिल्या दिवशी ग्लेनिसने बिस्किटं खाऊन भागवलं. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या थंडगार घेवड्यावर. कारखान्यातली पाळी उलटसुलट असल्यामुळे टेगन फिरकली नव्हती. ती आली तेव्हा बाईसाहेब लोकरीची टोपी, कोट आणि हातमोजे घालून स्वयंपाकघरात बसलेल्या, आणि तोंडातून वाफ निघतेय.

"हे काय चाललंय? हीटर लावा आधी!"

"नको."

"तुम्ही गारठून मेलात तर तुमच्या त्या भावाला वीज विकत घेणारं एक घर कमी होईल, कळतंय का?" टेगनने स्वतःच रिमोट उचलला.

ग्लेनिसने तिचा हात धरला. "टेगन, एवढ्या वाऱ्यात तो चक्की बंद ठेवणार नाही गं. तिच्यासाठी त्याने मलासुद्धा सोडलं. त्याला काहीतरी झालंय."

मागच्या वर्षी नेव्हिलच्या हृदयात काहीतरी बसवल्याचं गावाने ऐकलं होतं. ग्लेनिसने ते खताच्या पोत्यांमागे उभं राहून ऐकलं होतं.

"फोन केलात?"

"त्याचा मोबाइल मला कुठला माहीत? घरचा नंबर पाठ आहे. आमचाच तो, लहानपणापासूनचा. काल सकाळपासून करतेय. वाजतो आणि वाजतच राहतो."

टेगनने गाडीची किल्ली काढली.

वर, नेव्हिल राहायचा त्या वडिलांच्या घरी, जायला गाडीने काही वेळ लागत नाही. पण ग्लेनिसला तो रस्ता संपता संपेना. फाटकाशी तिने टेगनला थांबायला सांगितलं. "तू इथेच बस. त्याने हाकललं तर मला तुझ्यासमोर नको." मग वारा कोटात भरून घेत ती एकटीच घराकडे निघाली. जनावरं विकून टाकलेली, गोठा रिकामा. ओसरीत गमबूट होता, पण एकच, आडवा पडलेला; दुसरा कुठे दिसेना. तिने दार ठोठावलं. आत कुत्री भुंकली. आणखी काहीच नाही. तिने दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली.

"अरे येतोय, येतोय! दार मोडता काय?"

दार उघडलं. नेव्हिल एका पायात मोजा आणि हातात दुसरा गमबूट घेऊन उभा होता. गमबुटाला चिखल, हातात चाकू. तो तळ खरवडत बसला होता. केस पांढरे झालेले, कॉलर अर्धी आत. पण धडधाकट.

ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांत तिने मनात हजार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही हजर नव्हतं.

"तक्रार आहे," ती म्हणाली.

नेव्हिल तिच्याकडे बघत राहिला. "कसली?"

"माझी वीज बंद आहे. किती दिवस झाले, चहा नाही, गरम पाणी नाही, हीटर नाही. गिऱ्हाइकाला असं वागवतात?"

"कोण गिऱ्हाईक?"

"मी! तीन वर्षं तुझी वीज घेतेय मी."

तो दाराच्या चौकटीला टेकला. "याराबीलमधलं एक घर आहे, एवढं कळायचं मला," तो सावकाश म्हणाला. "मला वाटायचं, शाळेचा हेडमास्तर असेल." मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे काय, चहा नाही? चक्की बंद पडली म्हणून वीज जात नाही, ग्लेनी. सगळी एकाच तारेत..."

"ठाऊक आहे मला. टँकर, मिसळलेलं दूध, सगळं ठाऊक आहे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, वाऱ्याचं की कशाचं कोण जाणे. "पण घरची गाय आटली तर काय प्यायचं असतं, नेव्ह?"

नेव्हिलने हातातला गमबूट आणि चाकू खाली ठेवला. मग म्हणाला, "कोरा."

त्याने तिला हाताला धरून आत नेलं, शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं, लाकडं सारली. तो रागावला होता आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. "या वयात थंडीत बसायचं म्हणजे! अक्कल कुठे गहाण टाकलीस? बेअरिंग तुटलंय चक्कीचं. क्रेन लागते. आणि वारा पडल्याशिवाय क्रेन वर चढत नाही. वाऱ्यामुळेच अडलंय सगळं."

"आणि फोन? मी मेले वाजवून वाजवून."

"वायर काढून ठेवलीय. रोज संध्याकाळी मेले फोन करतात, तुमची वीज कंपनी बदला म्हणून. माझ्या दारात पवनचक्की आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत."

ग्लेनिसला हसू फुटलं. हसता हसता तिची नजर भिंतीकडे गेली. कपाटावर, जिथे आईचं घड्याळ असायचं तिथे, निळ्या काठाची बशी उभी करून ठेवली होती.

"ही माझी."

"माहीत आहे. पट्टी आहे खाली." तो किटलीत पाणी भरू लागला, पाठमोरा. "दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवली असती तर तुला वाटलं असतं, तोंड बघायचं नाही म्हणून पाठवली. स्वतः आणायची तर... राहिलं ते राहूनच गेलं."

किटली गुणगुणू लागली. ग्लेनिसने विचारलं, "ही कुणाच्या विजेवर?"

"सगळ्या जगाच्या. मुकाट्याने पी."

ती प्यायली. इतक्या दिवसांनी गरम काही पोटात गेलं आणि तिला बरं वाटू लागलं. बरं वाटल्याबरोबर जीभही सैल झाली. "बेअरिंगचं समजलं. पण एरवी सुद्धा तुझी चक्की आळशीच. हिवाळ्यात सकाळी कधी म्हणून चालत नाही. रोज तिची वाट बघत चहाशिवाय बसते मी. लवकर उठवत जा तिला."

नेव्हिलने कप खाली ठेवला. "रोज?"

"रोज. पाती हलल्याशिवाय किटली लावत नाही."

"अरे देवा," तो म्हणाला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. "ग्लेनी, ती आळशी नाही. मी थांबवतो."

"तू? कशाला?"

"तू म्हणाली होतीस ना हॉलमध्ये. सावली टेबलावर नाचेल, सुखाने चहा पिता येणार नाही. मी पहिल्या हिवाळ्यात येऊन पाहिलं होतं, तुझ्या कुंपणापाशी उभं राहून. खरंच पडत होती, थेट खिडकीत. तू तेव्हा मुलीकडे गेली होतीस पर्थला." तो टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होता. "तेव्हापासून हिवाळ्यात उठल्या उठल्या बटण बंद करतो. उन्हं वर आली की चालू. म्हटलं, तेवढा चहा तरी तिला सुखाने..."

तो तिच्या चहासाठी चक्की थांबवत होता आणि ती चक्कीसाठी चहा. एवढी वर्षं दोघं टेकाडाच्या दोन टोकांना, एकमेकांची काळजी करत, उपाशी बसल्यासारखी बसली होती.

"म्हणजे मी खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली. "सावली पडते."

"पडते."

"पण बाबांचं बोलले ते खोटं होतं, नेव्ह. बाबांना तुझी लाज कधीच वाटली नसती. मलाही वाटत नव्हती. मी ते नुसतं दुखवायला बोलले."

त्याने मान हलवली. तिच्या कपात आणखी चहा ओतला, आणि मग समोर बसून त्याने इतकं वेडंवाकडं तोंड केलं की तिला ठसका लागला. बाहेर टेगन हॉर्न वाजवत होती. आत कुणी कुणाचा जीव घेतलाय की काय, अशी तिला शंका येऊ लागली होती.

वारा पडला, क्रेन आली, बेअरिंग बसलं. त्यानंतरच्या सकाळी ग्लेनिसने अंधारातच आईचं टेबल पुसून खिडकीशी ओढलं आणि त्यावर दोन कप मांडले. सात वाजून गेल्यावर दाराशी गमबूट काढल्याचा आवाज आला. नेव्हिल आत आला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बशी. तो समोर बसला. तिने आधी त्याची कॉलर बाहेर काढली.

टेकाडामागून सूर्य वर आला आणि फिरणारी पाती दिसली; आज नेव्हिलने बटण बंद केलं नव्हतं. तिने किटलीचं बटण दाबलं. पहिली सावली भिंतीवरून सरकत आली, टेबलावरून गेली, साखरेच्या बरणीवरून, तिच्या हातांवरून, नेव्हिलच्या तोंडावरून. मग दुसरी. मग तिसरी. सगळं स्वयंपाकघर उजळत होतं, झाकोळत होतं, पुन्हा उजळत होतं.

नेव्हिलने डोळे बारीक केले, फोटोतल्यासारखे. "फार त्रास होतो का गं?"

"फार," ग्लेनिस म्हणाली आणि तिने त्याचा कप भरला. "उद्याही चालू ठेव."